सातशे झाडांची गाडी: प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, बीव्हर्टन, ऑरेगन

विषय ठरला. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या गटात अकरा मुलं आहेत. या वर्षी त्यांना "आपण राहतो ती जागा" यावर काहीतरी करून दाखवायचंय. मी हेंडरसन ल्युएलिंगचं नाव पुढे केलं. १८४७ साली आयोवातल्या सेलम गावाहून हा नर्सरीवाला बैलगाडीत सातशे जिवंत फळझाडं घालून सुमारे दोन हजार मैल इकडे आला. त्यातली निम्मीच जगली, पण विलामेट खोऱ्यातल्या कलमी फळबागा त्या निम्म्यांपासून सुरू झाल्या.

नुसते फलक लावायचे नाहीत. त्याची पेटी बांधायची, त्याने भरली तशी भरायची, त्याच्याइतकेच महिने झाडं जगवून बघायची. माझ्या बाबांची लांज्याजवळ आंबा-काजूच्या कलमांची नर्सरी आहे. गाडीतून कलमं नेताना काय होतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. लांज्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंतसुद्धा शंभरातली दोन-चार मान टाकतात. त्या हिशेबाने सात महिन्यांत निम्मी जगवणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते मुलांना हाताने कळायला हवं.

१६ फेब्रुवारी

पेटीची आकडेमोड. मिळालेली माहिती अशी: गाडीत बसतील अशा दोन पेट्या, बारा इंच खोल, आत माती आणि कोळसा यांचं मिश्रण. रोपं वीस इंचांपासून चार फुटांपर्यंत उंच. गुरांनी तोंड लावू नये म्हणून भोवती हिकरीच्या लाकडाच्या पट्ट्यांचं कुंपण.

दोन्ही पेट्या मिळून लांबी दहा फूट आणि रुंदी साडेतीन फूट धरली, तर ३५ घनफूट माती झाली. ओल्या मातीचं वजन घनफुटाला ८० पाउंड धरलं की २,८०० पाउंड. यात झाडं नाहीत, पाणी नाही, गाडीही नाही. मुलांनी हा गुणाकार फळ्यावर केला तेव्हा वर्ग गप्प झाला. दुसरा हिशेब त्याहून बोलका निघाला: ३५ चौरस फुटांत सातशे झाडं, म्हणजे एका चौरस फुटात वीस. मुठीएवढ्या जागेत एकेक झाड. त्यांची मुळं एकमेकांत किती गुंतली असतील!

आमची पेटी तीन फूट बाय दोन फूट, खोली तीच. त्याच्या दाटीने लावायची तर १२० रोपं लागली असती. परवडली चाळीस.

संध्याकाळी बाबांना फोन केला. कोळशाचं सांगितल्यावर ते म्हणाले, "शहाणा माणूस होता गो. कोळसा घातला की माती हलकी राहते आणि आंबत नाही. पेटीला भोकं पाडलीस ना?" भोकं पाडायचं राहिलं होतं. रात्रीच ड्रिल काढलं.

२ मार्च

कलमं बांधली. सफरचंदाचे २८ खुंट (ज्यावर कलम बांधायचं ती मुळं असलेली रोपं), चेरीचे १२. काड्या (खुंटावर बांधायचे हव्या त्या जातीच्या फांदीचे तुकडे) वसंतातल्या एका देवाणघेवाणीत मिळाल्या. सफरचंदात ग्रॅव्हनस्टीन, यलो बेलफ्लॉवर, स्पिट्झनबर्ग आणि वाइनसॅप. ही चारही नावं ल्युएलिंगच्या गाडीशी जोडलेली आहेत. चेरीत रॉयल ॲन, ब्लॅक रिपब्लिकन, बिंग आणि लँबर्ट. यातली रॉयल ॲन तेवढी त्याच्या गाडीतली. बाकीच्या तिन्ही इथे, मिलवॉकी गावात जन्मल्या. त्यांच्याबद्दल पुढे लिहीन.

खुंट आणि काडी सारख्या जाडीची घ्यायची, दोन्हींना तिरपा काप द्यायचा, सालीखालचा हिरवा थर हिरव्या थराला टेकवायचा आणि पट्टी ताणून गुंडाळायची. काप एका ओढीत आला पाहिजे. चाकू पुढेमागे केला की काप लाटेसारखा होतो आणि मध्ये हवा राहते. पहिली सहा-सात कलमं मी तशीच बिघडवली आणि पुन्हा कापली. चाकू फक्त माझ्या हातात होता, पट्टी मुलांनी बांधली.

एका मुलीने विचारलं, "मावशी, त्याने नुसत्या बिया का नाही आणल्या? खिशात मावल्या असत्या." हा प्रश्न फलकावर जाणार. सफरचंदाची बी आईसारखं फळ देत नाही. इथून जवळ, कोलंबिया नदीकाठच्या फोर्ट व्हँकुव्हरला हडसन्स बे या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या लोकांनी १८२६ च्या सुमारास बियांपासून सफरचंदं लावली होती. त्यातलं एक झाड २०२० पर्यंत उभं होतं. म्हणजे ल्युएलिंगच्या आधी इथे सफरचंद नव्हतं असं नाही, खात्रीच्या जातीचं कलम नव्हतं. कोकणात रायवळ आणि हापूस यांत जो फरक, तोच इथे.

१७ एप्रिल

झाडं पेटीत लावली. त्याचा प्रवासही एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला होता, म्हणून मुद्दाम हे दिवस धरले. एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते: त्याची रोपं आधीच धरलेली, सशक्त कलमं होती. आमची दीड महिन्याची आहेत. आमची मर जास्त झाली तर तुलना करताना हे विसरायचं नाही.

सेलमबद्दल आज मुलांशी बोलले. हेंडरसनचा जन्म १८०९ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या क्वेकर, म्हणजे त्या नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या, घरातला. तिथून इंडियाना, तिथून आयोवा. भाऊ जॉन याच्याबरोबर सेलमला नर्सरी. सेलम ही क्वेकरांची वस्ती, आणि गुलामगिरी चालू असलेलं मिसुरी राज्य तिथून अगदी जवळ. पळून आलेल्या गुलामांना उघड मदत करावी का, यावर क्वेकरांतच फूट पडली, आणि ल्युएलिंग उघड मदत करणाऱ्यांत होता. त्याचं दगडी घर आजही सेलमला उभं आहे. गुलामांना लपवून पुढे पाठवणाऱ्या साखळीतलं घर म्हणून ते जपलंय.

नर्सरीवाल्याच्या गोष्टीत हे कशाला, असं एका पालकांनी विचारलं. माझ्या मते हे हवंच. पुढे मिलवॉकीत चेरीला जी नावं पडली, ती या घराशिवाय कळत नाहीत.

११ मे

पाच गेली. सफरचंदाची दोन, चेरीची तीन. ३५ शिल्लक.

पाण्याची पाळी लावली. अकरा मुलं, नऊ घरं, रोज एक घर. पाणी घालण्याआधी बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं. बाबांनी फोनवरून मुलांना "वाफसा" हा शब्द शिकवला: "माती भिजवा, पण भिजत ठेवू नका. मुठीत दाबली की लाडू व्हावा आणि टिचकी मारली की फुटावा. तो वाफसा." मुलं आता दारातून आत येतानाच "वाफसा आहे का?" विचारतात.

ल्युएलिंगच्या गाडीला रोज पाणी घातलं जाई. रोज, प्लॅट नदीकाठच्या कोरड्या वाऱ्यातही. कोणी घातलं? पुस्तकांत "हेंडरसनने घातलं" असं असतं. पण तो आठ मुलांसह निघाला होता आणि बायको एलिझाबेथ गरोदर होती. इकडे पोचल्यावर जन्मलेल्या बाळाचं नाव ठेवलं ऑरेगन कोलंबिया. मुक्कामाला पोचल्यावर बैल सोडायचे, चूल पेटवायची, बाळंतपण जवळ आलेलं, आणि तरी बादल्या भरभरून सातशे झाडांना पाणी. हे एका माणसाचं काम नाही. आमच्या सहा चौरस फुटांना नऊ घरं लागतात. फलकावर एलिझाबेथचं नाव हेंडरसनच्या बरोबरीने, त्याच अक्षरांत येईल, हे मी आज ठरवलं.

एक गोष्ट गाळतेय. वाटेतल्या आदिवासींनी गाडीतली झाडं बघितली, त्यांना ती देवाची कृपा वाटली आणि त्यांनी गाडीला हात लावला नाही, ही कथा जिथे तिथे सापडते. ती गाडीतल्या लोकांच्या तोंडून आलेली आहे. ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्या तोंडून नाही. मुलांच्या फलकावर तिला जागा नाही.

२२ जून

बाजारात बिंग आल्या. वर्गात दोन पाउंड नेल्या. जांभळट काळ्या, टणक, चावल्यावर रस हनुवटीवर येतो अशा. आधी खाल्ल्या, मग सगळे मिलवॉकीला गेलो. इथून जेमतेम अर्ध्या तासाची वाट.

ल्युएलिंग नोव्हेंबर १८४७ मध्ये विलामेटकाठी पोचला आणि गावाजवळ जमीन धरून त्याने नर्सरी मांडली. वाटेतच ओळख वाढलेला विल्यम मीक भागीदार झाला, पुढे त्याचा जावईही. मीकनेही आपल्या गाडीत थोडी झाडं आणि बी आणलं होतं. राल्फ गीअर त्याच वर्षी बी घेऊन आला होता. तो वाल्डो टेकड्यांत नर्सरीवाला झाला, आणि ल्युएलिंगच्या त्या गाडीला सगळ्या पहिल्या नर्सऱ्यांची आई म्हणणारा हाच. ज्याचा स्वतःचा धंदा तोच आहे, त्याने दुसऱ्याला असा मान द्यावा, हे मला फार आवडलं. १८५० मध्ये भाऊ सेथ आला. आडनावाची गंमत मुलांनी शोधली: हेंडरसन "ल्युएलिंग" लिहायचा, भाऊ "लिवेलिंग". गावातल्या एका भागाला भावांच्या पद्धतीने नाव आहे.

फळं यायला लागली तेव्हा कॅलिफोर्नियात सोन्याची धावपळ चालू होती. १८५३ मध्ये चार बुशेल (फळं-धान्य मोजायचं माप) सफरचंदं सॅन फ्रान्सिस्कोत ५०० डॉलरला गेली. त्यानंतर हेंडरसन ऑरेगनात टिकला नाही. १८५४ मध्ये कॅलिफोर्नियाला गेला, तिथे त्याने बाग केली त्या जागेचं नाव फ्रूटव्हेल. ओकलंडच्या रेल्वेमार्गावर आजही त्या नावाचं स्टेशन आहे. पुढे आदर्श वसाहत काढायला होंडुरासला गेला, ते फसलं, परत आला, १८७८ मध्ये वारला. मुलांना होंडुरास जास्त ऐकायचं होतं, पण मला सेथकडे जायचं होतं.

मिलवॉकी सांभाळली सेथने. गुलामगिरीविरोधकांना त्या काळी विरोधक "काळे रिपब्लिकन" म्हणून हिणवायचे. सेथने आपल्या काळ्या चेरीचं नाव तेच ठेवलं: ब्लॅक रिपब्लिकन. हिणवणाऱ्यांनी ती विकत घेऊन चवीने खाल्ली. सेलमच्या दगडी घराचा धागा इथे येऊन मिळतो. आणखी एका चेरीला नाव दिलं लिंकन.

ब्लॅक रिपब्लिकनच्या बियांतून १८७५ च्या सुमारास एक झाड निघालं, फळ नेहमीच्या चेरीपेक्षा केवढंतरी मोठं. त्याला नाव मिळालं सेथच्या मुकादमाचं: आ बिंग. सहा फुटांहून उंच, चीनहून आलेला, बागेतल्या मजुरांच्या टोळीचा प्रमुख, वर्षानुवर्षं तिथेच राबलेला. "आ" हे नावाआधी लावायचं संबोधन, म्हणजे त्याचं पूर्ण नावसुद्धा आपल्याकडे आलेलं नाही. ते रोप सापडलं कसं, याच्या दोन-तीन कथा आहेत. कुठे तो झाडांच्या ज्या ओळी सांभाळायचा त्यातच ते उगवलं, कुठे सेथने केवळ मान म्हणून नाव दिलं. ओळी त्याच्या हाताखाली होत्या, एवढं सगळ्यांत समान.

१८८९ च्या सुमारास बिंग घरच्यांना भेटायला चीनला गेला. परत आला नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी होतीच, पण इथून जाणाऱ्यांना परतीचा दाखला मिळायचा. १८८८ च्या कायद्याने ते दाखलेही रद्द झाले. सुमारे वीस हजार माणसं हातात दाखला असून बाहेर अडकली.

परतताना गाडीत मुलं यावरच बोलत होती. आमच्या नऊ घरांत व्हिसाचा कागद कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सुट्टीला भारतात जाऊन शिक्का मिळेपर्यंत तिथेच थांबलेला बाबा किंवा आई दोन मुलांनी बघितलीय. एक मुलगा म्हणाला, "मग बिंगने लावलेल्या झाडांना पाणी कोणी घातलं?" फलकाचं शीर्षक मिळालं.

१३ जुलै

वाईट आठवडा. सलग चार दिवस कडक ऊन, आणि त्यातल्या दोन दिवशी पाळी चुकली. वेळापत्रक मीच बदललं होतं आणि एका घराला कळवायचं राहिलं. आठ झाडं गेली, सफरचंदाची सहा, चेरीची दोन. पानं आधी कडेने तपकिरी होतात, मग दांड्यासकट खाली लोंबतात. बोट मातीत घातलं तर वरचा थर विटेसारखा. खाली, कोळशाजवळ, अजून ओल होती. ज्यांची मुळं तिथवर पोचली होती ती वाचली.

२७ शिल्लक.

ल्युएलिंगच्या मुलाने, आल्फ्रेडने, पुढे सांगून ठेवलंय की वाटेत बैल मेले, बाकीचे थकले, आणि सोबतच्या लोकांनी झाडांची गाडी टाकून दे म्हणून गळ घातली. हेंडरसनने ऐकलं नाही. घरच्यांच्या जिवावर बेतत नाही तोवर गाडी सोडणार नाही, असं त्याचं म्हणणं. आज ते वाचताना माझा सूर वेगळा होता. सोबतच्यांचा सल्ला चुकीचा नव्हता. २,८०० पाउंडांचं ओझं मेलेल्या बैलांच्या जागी कोणाला तरी ओढावंच लागतं.

३१ ऑगस्ट

मंडळाच्या गणेशोत्सवात फलक लावले. पेटी हलवता येत नाही, म्हणून फोटो आणि एक रिकामी पेटी ठेवली. लोकांनी पेटीत डोकावून बघितलं, उचलून बघितलं. एका काकांनी नेमका प्रश्न केला: ही जमीन आधी कोणाची होती? क्लॅकमस आणि कलपुया लोकांची. १८५० च्या जमीनदान कायद्याने गोऱ्या जोडप्याला ६४० एकर मिळे, आणि काळ्या लोकांनी ऑरेगनात राहूच नये असे कायदे होते. गुलामगिरीच्या विरोधात उभा राहिलेला ल्युएलिंग याच राज्यात येऊन जमीनदार झाला. ही ओळ फलकावर छोट्या अक्षरांत होती. पुढच्या वेळी मोठी करणार.

१२ ऑक्टोबर

चिठ्ठ्या गेल्या. चेरीच्या सात झाडांपैकी चारांवरची शाई पावसाने धुऊन निघाली. "पाण्याने न जाणारी" म्हणून विकत घेतलेलं पेन. बाबा पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नाव कोरतात, ते लहानपणी मला जुनाट वाटायचं.

पण याच निमित्ताने रॉयल ॲनची गोष्ट मुलांना आपोआप पोचली. ही युरोपातली जुनी नेपोलियन चेरी. गाडीतून आणताना तिची चिठ्ठी हरवली, आणि इकडे ती नव्या नावाने रुजली. पिवळी, गालावर लाली असलेली. केकवरच्या लाल चेरीसाठी हीच वापरतात: आधी खारवून तिचा रंग घालवायचा, मग वरून लाल रंग चढवायचा. विसाव्या शतकात कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात अर्नेस्ट विगँड यांनी ही खारवण्याची रीत नीट बसवून दिली. आपल्याकडे केकवर लाल "चेरी" म्हणून बरेचदा पाकात मुरवलेलं करवंद असतं, हे सांगितल्यावर मुलांचा विश्वास बसेना. बाबांनी सड्यावरच्या करवंदीच्या जाळीचा फोटो पाठवला.

आणखी एक. एका चेरीवरची काडी वाळली आणि खालून खुंटाला जोरदार फूट आली. एरवी अशी फूट बाबा अंगठ्याने उडवतात. इथे ती ठेवली, कारण लँबर्ट. मिलवॉकीच्या जोसेफ लँबर्टच्या बागेत चेरीच्या झाडाखाली एक रोप उगवलं, त्यावर मे ड्यूक जातीचं कलम बांधलं, ते मेलं, आणि खुंटाच्या फुटीला जी फळं आली ती लँबर्ट चेरी. त्याने ती पुढे ऑरेगनच्या फळबाग संस्थेला देऊन टाकली. एकाच गावातून बिंग, ब्लॅक रिपब्लिकन, लिंकन आणि लँबर्ट. शेजारी शेजाऱ्याच्या झाडाखाली काय उगवलंय ते वाकून बघत होता, तेव्हाच असं होतं.

१६ नोव्हेंबर

पेटी उघडली. ल्युएलिंगने कोलंबियाच्या काठी पेट्या मोडून झाडं कापडात गुंडाळली होती आणि पुढचा प्रवास होडीतून केला होता. आम्ही जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या भिजवून घेतल्या.

फळी काढल्यावर मातीचा ठोकळा जागचा हलला नाही, मुळांनी तो धरून ठेवला होता. हाताने सोडवायला दीड तास लागला. मुळांच्या बारीक केसांना कोळशाचे तुकडे चिकटून बसलेले, काही मुळं तुकड्याच्या भेगेतून आरपार गेलेली. मुलांनी प्रत्येक झाड बादलीत धुऊन मोजलं.

सफरचंद १९. चेरी ६, त्यातल्या एकीची फक्त खुंटाची फूट. म्हणजे चाळीस कलमांपैकी २४ जगली. बाबांना आकडा कळवला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ती पाळी चुकली नसती तर तीस जगली असती. पण बरी केलीत."

झाडं वाटली. नऊ घरांना प्रत्येकी दोन सफरचंदं, एक शाळेच्या आवारात. पत्र्यावर खिळ्याने जातीचं नाव, मागे ज्यांनी पाणी घातलं त्यांची नावं. ज्या चेरींची नावं गेली, त्यातल्या तीन जगल्या, आणि त्या कोणालाच नको होत्या. मग बिंगबद्दल विचारणारा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, एक मी नेतो. फळ यायला चार-पाच वर्षं लागतील. पिवळं आलं तर रॉयल ॲन, काळं आलं तर बाकी तिघींपैकी एक. त्याने पत्र्यावर फक्त तारीख कोरली आणि खाली बरीच जागा मोकळी सोडली.

खुंटाची फूट मी ठेवून घेतली आहे. उद्या पाऊस थांबला तर कुंपणाजवळ खड्डा घेते.